वरच्या पानावरचं कुंकू

शालन गेल्याचं तिच्या मुलानं फोनवर कळवलं तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते. "येते," म्हणाले आणि उरलेल्या शेंगा सोलूनच उठले. मला चटकन रडू येत नाही. शालनला ते ठाऊक होतं. बेळगावहून संकेश्वरला पोचेपर्यंत तिला न्यायची तयारी झाली होती. आमच्याकडं बायका स्मशानात जात नाहीत, फाटकाशी थांबतात. मीही थांबले. गाडी वळणाआड गेली आणि मनात आलं, शालन, तुला एफओबी धाडलं बघ... शेजारच्या बाईनं मला हसताना पाहिलं असावं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही दोघींनी परदेशी व्यापार हा विषय घेतला होता. मी घेतला, कारण सर गुण सढळ हातानं देतात अशी त्यांची ख्याती होती. शालननं घेतला, कारण तिच्या वडिलांची, आप्पांची, निपाणीत तंबाखूची वखार होती आणि तिथला माल बोटीत चढवायचं तिच्या डोक्यात होतं. सर कानडी वळणाच्या इंग्रजीत बंदरं, जहाजं, विमे समजावून सांगायचे आणि माझ्या बेळगुंदीच्या खेडवळ डोक्यात त्यातलं काही शिरायचं नाही. एफओबी आणि सीआयएफ या मालाच्या सौद्याच्या दोन बोल्या मी दर वेळी पाठ करायची आणि दर वेळी विसरायची. शेवटी टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत, स्टोव्हवरचा भात ढवळत शालन म्हणाली, "मंगे, लेकीला वेशीपातूर पोचवून गाडीत बसवलं आन् मागं फिरलं, की एफओबी. पार सासरच्या गावापातूर गाडीभाडं आपलं, वाटंतल्या काळजीचा विमाबी आपला, म्हंजे सीआयएफ. आता तरी शिरलं का?" परीक्षेत मी तेच लिहिलं, फक्त लेकीच्या जागी माल घातला.

शालन ही आप्पांची एकुलती एक मुलगी. शिकायला त्यांनी कधी अडवलं नाही. पण वखारीत पानं निवडायला बायकांच्या रांगा बसत असल्या तरी गादीवर बाई बसलेली निपाणीच्या पेठेत कुणी पाहिली नव्हती. त्या वर्षी दिवाळीला तिनं विषय काढला. आप्पा चिडले नाहीत. भाव सांगावा तसं त्यांनी सांगून टाकलं, "परदेशातनं एक मागणी आण. आली तर मी उठतो, तू बस. न्हाय आली तर वखार पुतण्याची आन् तू सासरी."

शालन कामाला लागली. सरांच्या ओळखीनं मुंबईचा एक दलाल गाठला. नमुन्याची पानं निवडायला तिनं मलाही निपाणीला नेलं, पण शिंकांनी मी बेजार, त्यामुळं माझा उपयोग शून्य. तिनं मात्र प्रत्येक पान उजेडाला धरून पाहिलं. जुडी बांधली, पांढऱ्या कापडाच्या पिशवीत घालून शिवली, वर इंग्रजी पत्ता घातला आणि टपालात टाकायला आप्पांकडं देऊन आम्ही बेळगावला परतलो. दलालानं ती न उघडताच पुढं धाडली. मग नुसती वाट पाहणं...

बऱ्याच दिवसांनी दलालाकडून सरांकडं निरोप आला. पानांवर लाल बुरशी आहे, रोगट माल नको. पाठोपाठ पिशवीही परत आली. शालननं ती आमच्या खोलीत उघडली. वरच्या पानाच्या मधोमध लाल डाग होता, ओल लागून तो खालच्या पानांवर ठिपक्याठिपक्यांनी उतरला होता. देठाशी अक्षतांचे दोन दाणे चिकटले होते. हंगामातलं पहिलं पोतं वखारीबाहेर पडताना आप्पा त्याला कुंकवाचं बोट लावायचे, हे निपाणीत सगळ्यांना माहीत होतं. परदेशातल्या खरेदीदाराला ते कोण सांगणार?

पुढच्या रविवारी आम्ही निपाणीला गेलो. आप्पांनीच विचारलं, "नमुना पसंत न्हाय पडला म्हनं?"

"न्हाय."

"आसं कसं झालं गं? मी शिलाई उसवून वरच्या पानाला सोताच्या हातानं कुंकू लावलंतं. भाईरनं लावलं तर टपालात पुसतंय, म्हणून आत लावलं."

मी शालनकडं पाहिलं. तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. "भाव जमला न्हाय, आप्पा."

"हुतंय आसं," आप्पा म्हणाले आणि हातातलं विड्याचं पान न जुळवताच त्यांनी डब्यात परत ठेवलं.

परतताना बसमध्ये मी म्हणाले, खरं सांगितलं असतंस तर त्यांनी दुसरा नमुना धाडू दिला असता. "व्हय," ती म्हणाली. "पर माझ्या बोटानं पोरीचं वाटोळं झालं, ह्ये त्यास्नी जन्मभर खात बसलं असतं. तूबी कुटं बोलायचं न्हाईस." तो मला तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटला. अजूनही अर्धा तसाच वाटतो.

शालन पहिल्या वर्गात पास झाली आणि लग्न होऊन संकेश्वरला गेली. वखार पुतण्याकडं गेली, पुढं बंद पडली. आप्पाही गेले. शालन तिथल्या कॉलेजात वाणिज्य शिकवायची. मी बँकेत नोकरी करायचे, तिथं तिचे विद्यार्थी लागले की एफओबीच्या जागी वेशीपर्यंतची लेक सांगायचे, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून ती सासरच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. "तुझं सीआयएफ," म्हणाली होती.

तेराव्यानंतर पुन्हा संकेश्वरला गेले. तिची सून कपाट आवरत होती. साड्यांच्या तळाशी एक पांढरी पिशवी निघाली, वरचा इंग्रजी पत्ता पुसट झालेला. सुनेनं पिशवी उघडली तशी मला शिंक आली.

"मावशी, तंबाखूची पानं दिसत्यात. रोग पडलाय वाटतं, लाल लाल डाग हायत. टाकून देऊ?"

"न्हाय गं," मी म्हणाले. "कुंकू हाय ते. तिच्या आप्पांनी लावलेलं."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. सुनेनं पिशवी गुंडाळली आणि होती तिथंच साड्यांखाली ठेवली.