दादाच्या दोन बरगड्या

माझा थोरला भाऊ दुचाकीच्या सीटा शिवतो. तीस वर्षं झाली. रस्त्यालगतची लांबट खोली, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे, मधोमध शिलाई मशीन. फोम पारखायची त्याची रीत एकच. अंगठ्याने दाबायचा. अंगठा अलगद आत गेला आणि फोम हळूहळू वर आला, की पास.

त्याची लेक, माझी भाची, मातीतल्या मोटरसायकल शर्यतीत उतरते. दगड, चढ, उड्या, सगळं. सकाळी देवाला हात जोडताना मी तिचं नाव सगळ्यांच्या आधी घेते. यंदा शर्यतीत छाती-बरगड्यांचं गार्ड सक्तीचं झालं. तिच्याकडचं गार्ड पुरुषी मापाचं. हात वर केला की ते गळ्याशी यायचं आणि कुशीत चार बोटं जागा उघडी पडायची.

"आयुष्यभर लोकांच्या बुडाखाली फोम घातला," दादा म्हणाला, "पोरीच्या बरगड्यांवर घालता येणार नाही होय?"

शिवलं त्याने. दुहेरी शिलाई, कडेने लाल गोट. वहिनी सहज म्हणाली, "दिसतंय छान. पण आधी तुम्ही घालून पडून दाखवा."

दादाने ते मनावर घेतलं. दुसऱ्या सकाळी दुकानामागच्या मोकळ्या मैदानात, लेकीची गाडी घेऊन, पहिल्याच वळणावर तो आडवा झाला. हँडलचं टोक डाव्या कुशीत बसलं. गार्डची शिलाई उसवली नाही. बरगड्या मात्र दोन मोडल्या.

डॉक्टरांनी गार्ड हातात घेऊन दाबलं. "कशाचं केलंत हे?"

"सीटचा एक नंबर फोम आहे," दादा कण्हत म्हणाला.

"बसायला एक नंबरच आहे. पडायला वरून कडक कवच लागतं, मार पसरवणारं. हा नुसता दबतो आणि सगळा मार एकाच जागी आत जातो."

वहिनीने विचारलं, "पट्टा आवळून बांधू का?"

"नको. श्वास उथळ होईल, छातीत कफ साठेल. औषध घ्या आणि दर तासाला दहा खोल श्वास. दुखलं तरी."

ते दहा श्वास मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेका श्वासाला देवाचं एकेक नाव घ्यायची. सहावं झालं की दादा म्हणायचा, "झाले दहा."

"देवाला मोजता येत नाही असं वाटलं का तुला?"

"हसवू नकोस गं, मरेन." हसलं की कळ यायची. म्हणून वहिनीने घरात विनोदबंदी केली. शिंक येतेय असं वाटलं की दादा उशी कुशीला धरून बसायचा.

शर्यत दीड महिन्यावर होती. वहिनीने सांगून टाकलं, "बापाचं हे झालं. आता पोरगी उतरणार नाही." भाची रोज गाडी धुवायची, जी मळतच नव्हती.

ते दादाला बघवेना. त्याने बाजारातून चाचणी झालेलं, कुशीतही कडक कवच असलेलं गार्ड आणवलं. "कवचाला, फोमला मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "त्यातलं मला कळत नाही." तीस वर्षांत असं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याने फक्त पट्टे मापात आणले. लेकीला गाडीवर बसवून, वाकवून, हात वर करायला लावून, पुन्हा पुन्हा. शेवटी वहिनीने कुशीत बोटं घालून बघितली. नखसुद्धा शिरलं नाही.

"जाऊ दे तिला," वहिनी म्हणाली.

शर्यतीला आम्ही तिघं दोरीमागे उभे होतो. दगडी उतारावर भाचीची गाडी घसरली आणि हँडल तिच्या कुशीत बसलं. डाव्याच. दादाचा श्वास थांबला. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

ती उठली. कूस चाचपली. गाडी उचलली आणि गेली. चौदा जणांत अकरावी आली.

"धप्प झालं नुसतं, बाबा," ती येऊन म्हणाली. कवचावर वीतभर पांढरा ओरखडा होता. दादा त्यावरून अंगठा फिरवत राहिला, दाबला मात्र नाही.

"दादा, श्वास घे," मी म्हणाले.

त्याने घेतला. पोटापर्यंत, पूर्ण. मग कूस धरून हसायला लागला.

"बंदी आहे ना," वहिनी म्हणाली आणि स्वतःच हसली.

"एक झाला," मी म्हटलं. "नऊ राहिले."