पीचचं झाड आणि अण्णांची कात्री

अण्णांनी सलून मुलाच्या हवाली केलं, पण कात्री काही खाली ठेवली नाही. जन्मभर लोकांची डोकी भादरलेला माणूस, दुसरं करणार तरी काय? घरामागच्या बागेत शिरले आणि तिथेही तेच सुरू. कुंपण असं सपाट कापायचे की वर चहाचा कप ठेवून घ्यावा. गल्लीतलं एकही डोकं त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. सुटलं होतं ते फक्त काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. काकूंची वेणी अजून कमरेखाली जाते. "टोकं तरी सारखी करू दे गं," ही अण्णांची विनवणी लग्नापासून चालू आहे आणि काकू लग्नापासून ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

बागेच्या मधोमध एक पीचचं झाड आहे. काकूंच्या माहेरच्या झाडाची कोय त्यांनी स्वतः रुजवली होती. माहेरची ती बाग गेली, तिथे आता गाड्या दुरुस्त करतात. राहिलं ते हे एवढंच. पण झाड असं हट्टी की इतक्या वर्षांत एक फळ देईल तर शपथ. अण्णा दर वर्षी थंडी ओसरली की त्याला झकास गोल कट मारायचे, तरी नाही.

यंदा अण्णा म्हणाले, "नुसती जागा अडवून बसलंय. काढून टाकू, टोमॅटो लावू."

काकू रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, शेजारच्या बंद घराच्या अंगणातल्या पीचला कोण कापतं? फळांनी फांद्या मोडतात त्याच्या. यंदा आपल्याही झाडाला कात्री लावू नका. फूल आलं नाही, तर खुशाल काढा."

अण्णांनी शब्द दिला. द्यायला काय जातं? पाळताना घाम फुटला. कामांना तोटा नव्हता. वाफे खणले, कुजलेलं खत मिसळलं, वाटाणा पेरला, कांद्याची रोपं ओळीत बसवली, स्ट्रॉबेरीची वाळकी पानं वेचून काढली. पण मान वर केली की समोर ते झाड, महिनोन् महिने सलूनचं तोंड न पाहिलेल्या पोरासारखं. चारी बाजूंनी काटक्या सुटलेल्या. अण्णांचे हात शिवशिवायचे. ते पाठ करून बसायचे, तर मान आपोआप वळायची.

शेवटी जित्याची खोड. काकू बाजारात गेल्या होत्या, आणि एक फांदी वाटेवर आली होती. डोळ्यात गेली असती कुणाच्या. निदान अण्णांनी स्वतःला तसं बजावलं. कचकन एकच. तेवढ्यात फाटक वाजलं. अण्णांनी फांदी शेडमध्ये नेली आणि खिडकीखाली गळतीचं पाणी धरायला ठेवलेल्या डब्यात, कुंड्यांच्या मागे खुपसली. मग वाटाण्याच्या वाफ्यापाशी येऊन ताकास तूर लागू न देता उभे राहिले.

पुढे ते विसरूनही गेले. वाटाण्याला सुतळी बांधायची वेळ आली तेव्हा शेडमध्ये शिरले आणि कुंड्या सरकवल्या. फांदी फुलली होती. खिडकीतल्या उबेला अगदी शेंड्यापर्यंत गुलाबी फुलं.

शेंड्यापर्यंत. म्हणजे नेमका जो भाग दर वर्षी ते छाटून, झाडून, खताच्या खड्ड्यात टाकत आले होते तोच. बायकोच्या माहेरची फळं त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने खड्ड्यात घातली होती, आणि वर झाडालाच नावं ठेवली होती. अण्णांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं. बाहेर जाऊन पाहिलं तर झाडावरही कळ्या फुगल्या होत्या, थंडीने जरा मागे राहिल्या होत्या एवढंच. गप्प बसले असते तर चार दिवसांत झाड फुललं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

ते फांदी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

"एकच कापली," अण्णा म्हणाले. "पण अगं, इतकी वर्षं मीच..."

काकूंनी फांदी हातात घेतली. "आईच्या झाडाचा रंग अस्साच होता," एवढंच म्हणाल्या, आणि पेल्यात पाणी भरून ती खिडकीत ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वर्षी बोलले. तुम्ही म्हणायचात, तुला कटिंगमधलं काय कळतं."

अण्णांनी खिशातून कात्री काढून ओट्यावर ठेवली. "ही तुझ्यापाशी ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

काकूंनी ती खणात टाकली, खण लावला, आणि वेणी पाठीवर सोडत म्हणाल्या, "आता कळलं ना, हिला का कधी हात लावू दिला नाही ते?"