सुईत दोरा ओवणारी

शाळेत आयुष्यभर इतरांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचे धाडस आता उतारवयात करतो आहे, ते वाचकांनी पोटात घालावे. पण गोखिवऱ्यातल्या चामडी बॅगांच्या कारखान्यात भेटलेली ती वृद्ध कारागीर मनातून हलत नाही. तिचे नाव मी विचारले नाही.

माझ्या जुन्या बॅगेचा पट्टा हाताने शिवायचा होता. तरुण मालक म्हणाला, "मावशींना आता सुईचं नेढं दिसत नाही, सर." मग तिच्याकडे वळून, "मावशी, आज दोरा ओवता आला नाही, तर उद्यापासून घरी आराम करा."

मला वाईट वाटले. "आणा इकडे, मी ओवून देतो," म्हणत मी हात पुढे केला.

तिने सुई मागे घेतली. "ऱ्हाऊ द्या, सर. तुमी ओवलं तर मला घरी बसवायला याला कारन भेटंल."

मग घाई न करता तिने दोऱ्याचे टोक पात्याने तासून निमुळते केले, त्याला मेण चोळले आणि चिमटीत दाबून चपटे केले. डोळे मिटून दोरा स्थिर धरला व सुईच त्याच्यावर आणली. दोरा आरपार गेला. चामड्याच्या दुहेरी टाक्यासाठी दुसऱ्या टोकाला दुसरी सुई ओवता ओवता ती मालकाला म्हणाली, "नेढं शोधतो तो शिकाऊ. मी दोरा तयार करते."

मालकाने आणखी दोन बॅगा तिच्यापुढे सरकवल्या.

माझ्या चांगुलपणामुळे तिचे काम सुटले असते. मदतीला हात पुढे करण्याआधी, ती मदत हवी आहे का, हे तुम्ही विचारता का?