म्बोजीची राख

आबाकालिकी शहरातल्या भातगिरणीमागे म्हातारी म्बोजी तूस जाळून त्याची राख विकायची. गवंडी न्विबोने थोडं सिमेंट कमी करून तीच राख मिसळली आणि चर्चच्या विहिरीवर झाकणाचा स्लॅब ओतला. राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी मेहुण्याच्या लग्नाला जायच्या घाईत त्याने खालच्या फळ्या लवकर काढल्या. स्लॅब मधोमध खचला.

"राखेनं घात केला," लोक म्हणाले. न्विबो गप्प राहिला. म्बोजीची पोती पडून राहिली.

मग एका सकाळी तीच त्याच्या दारात आली. "बाबा, तूस नीट जळला नसेल माझ्याकडून. माझ्यापायी तुझं नाव खराब झालं."

न्विबोला मान वर करवेना. "माय, राख चांगली होती. मीच फळ्या आधी काढल्या."

म्बोजी म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग? चर्चमध्ये सांग."

रविवारी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या स्लॅबसाठी तो पुन्हा तिच्याकडेच गेला. तिने पोतं भरून दिलं, पण एरवीसारखं त्याला बसायला सांगितलं नाही.