डोंगरावरची चोरओटी

सत्तरच्या दशकात यांच्या कारखान्याने यांना मशीन शिकायला इटलीला पाठवलं, आणि यांनी हट्टाने मलाही नेलं. मला तिसरा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून नागपूरला महाल भागातल्या घरी कोणाला सांगितलंच नव्हतं. मी नुसती भीत भीत दिवस काढत होते.

एका रविवारी तिथल्या साहेबाने आम्हाला डोंगरावरच्या एका जुन्या गावी नेलं. दगडी वेस, दगडी घरं, खाली उतारावर द्राक्षांचे मळे. गाव वाइनसाठी नावाजलेलं. चढताना माझा जीव मेटाकुटीला आला, आणि हे आपले पुढे, हात मागे बांधून, जणू गाव यांनीच वसवलं!

साहेबाच्या ओळखीच्या एका म्हातारीने तळघरात पिंपांपाशी बसवलं आणि माझा पेला भरायला घेतला. मी एक हात पेल्यावर ठेवला, दुसरा पोटावर. "बस, बस!" साहेबाचा आग्रह काही संपेना. म्हातारीने माझ्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं आणि त्याच्यावर खेकसली, "बास्ता!" हे तर आपलं 'बास'च! अगं बाई, हिला मराठी येतं की काय! पुरुषांना कळलं नाही ते हिला एका नजरेत कळलं.

निघताना तिने अक्रोड आणि द्राक्षांचे घोस आणले. पिशवी नव्हती, मी पदर पसरला. ती ओंजळीने घालत गेली आणि माझ्या अंगावर काटाच आला. अहो, ही तर चोरओटी! तिसऱ्या महिन्यात आपल्याकडे गुपचूप भरतात तीच. पण तिचे कपडे काळे, भिंतीवर नवऱ्याच्या फोटोपुढे दिवा. विधवा होती ती. आमच्याकडे कोणीतरी माझा पदर मागे ओढला असता. मी तो आणखी पसरला. परक्या मुलखात तिने मला आईसारखं जपलं, ते उपकार मी कुठे ठेवू?

सातव्या महिन्यात नागपुरात ओटी भरायला गल्लीतल्या सवाष्णी जमल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या. सासरे गेल्यापासून त्या अशा वेळी पुढे येतच नसत. मी पाटावरून उठले आणि त्यांच्यापुढे पदर पसरला.

"पहिली ओटी तुम्ही भरा."

"काहून वं, येडी झाली का? माझा हात लागून लेकराले काही झालं तं?"

"असाच एक हात लागला, म्हणून तर हे राहिलं."

डोळे पुसत त्यांनी तांदूळ घेतले.

मुलगी झाली, धडधाकट. दवाखान्यात तिला सगळ्यात आधी उचललं ते सासूबाईंनीच, कोणाला न विचारता.