आतल्या हॉलचा पास

माझं आयुष्य बदललं ते एका मंगळवारी दुपारी, मल्लेश्वरममधल्या आमच्या हॉटेलच्या आतल्या हॉलमध्ये... समोर एक उष्टं केळीचं पान होतं आणि ते कुणी उचलत नव्हतं.

साठ सालानंतरची गोष्ट. नात लॉ शिकते. तिने परवा विचारलं, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला तेव्हा खरंच काय बदललं? तोंडी नीट सांगता येईना, म्हणून इथे लिहितोय.

मी तेव्हा वीस वर्षांचा. बी.एस्सी. अर्धवट... प्रोफेसरांशी भांडलो आणि कॉलेज सोडून दिलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हॉटेलच्या गल्ल्यावर बसवलं. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड.

हॉटेलला दोन हॉल. पूर्वी आतल्या दारावर 'ब्राह्मणांसाठी' अशी पाटी होती. पंचावन्न साली कायदा आला तशी अण्णांनी स्टुलावर चढून ती स्वतः काढली... आणि दुसऱ्याच आठवड्यात पास छापून आणले. आत फक्त महिन्याचे पासवाले बसणार. पासावर एक रकाना, 'कुणाच्या ओळखीने'. ओळख देणारे आमच्यातलेच, त्यामुळे आत येणारेही आमच्यातलेच. पाटी नाही, म्हणजे गुन्हा नाही.

अण्णा दुष्ट नव्हते, हेही लिहायला हवं. बाहेरच्या हॉलमध्ये कुणालाही पोटभर, आग्रहाने वाढायचे. फक्त बाहेर.

वरच्या मजल्यावर टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. तिथे सरोजा यायची. वडील रेल्वेत गँगमन, आणि त्यांची जात कोणती हे सगळ्या रस्त्याला माहीत. जिन्यात भेटली की मला 'यजमान' म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये मालक. "काय यजमान, कॉलेजने तुम्हाला हाकललं की तुम्ही कॉलेजला?"

मी पार खुळा झालो होतो. वरून टकटक ऐकू आली की ती कोणत्या मशीनवर बसलीये ते सांगायचो. एक दिवस जिन्यातच म्हणून टाकलं, लग्न करीन तर तुझ्याशीच. ती हसली. "यजमान, तुमच्या हॉटेलात मी अजून दाराजवळच्या बाकावर जेवते."

ते लागलं. खाली आलो आणि तिच्या नावाचा पास लिहिला. 'कुणाच्या ओळखीने' पुढे सरळ अण्णांचं नाव घातलं. तिने पास दोनदा वाचला. म्हणाली, "तुम्ही असाल ना तिथे?" मी म्हटलं, असणार म्हणजे काय!

मंगळवारी ती आली. अण्णांनी पासावर स्वतःचं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर चारचौघांत स्वतःचीच ओळख खोटी ठरते, वर कायदा आहेच. "बस, अम्मा," म्हणाले. भात स्वतः वाढला. "सारू घालू? स्वल्प?" असंही विचारलं, म्हणजे सार, थोडंसं. मी गल्ल्यावर निवडणूक जिंकल्यासारखा बसलो होतो...

जेवणं झाली. आतल्या हॉलमध्ये गिऱ्हाइकाने पान उचलायचं नाही, ते काम रामण्णा वाढप्याचं. त्याने तिच्या डावीकडचं पान उचललं, उजवीकडचं उचललं, आणि हात मागे बांधून उभा राहिला. तिचं पान तसंच.

सरोजाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी... बसून राहिलो. मालकाच्या मुलाने कधी उष्टं उचललं नव्हतं, हे निमित्त. खरं म्हणजे मी घाबरलो.

तिने पान दुमडलं, मागच्या टोपलीत टाकलं, हात धुतले. जाताना गल्ल्यापाशी थांबली. "वाढायला कायदा आला. उचलायला कोण येणार, यजमान?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी सगळा राग रामण्णावर काढला. तो एवढंच म्हणाला, "अय्यो वासू, तूही होतासच की तिथे."

ती आता कधी यायची नाही, असं धरून चाललो होतो. जिन्यातही दिसली नाही. शुक्रवारी मात्र बरोबर साडेबाराला पास पुढे केला. "महिन्याचा आहे ना हा?" आणि त्याच जागी जाऊन बसली.

या वेळी तिचं ताक संपायच्या आत मी गल्ल्यावरून उतरलो. पान उचललं. दुमडताही येईना नीट, सारू मनगटापर्यंत ओघळलं. हॉलमध्ये सगळ्यांचे हात थांबले. दोघं अर्ध्या जेवणावरून उठले.

परत आलो तर गल्ल्यावर अण्णा. ओरडले नाहीत. "आंघोळ करून ये, मग बस."

"कायद्यात आंघोळीचं काही लिहिलंय का?"

"कायद्याने सांगितलं तेवढं मी केलंय, वासू. तिला माझ्या हाताने वाढलंय. याच्यापुढे आपलं घर सुरू होतं."

"आणि तिला घरीच आणायची म्हटलं तर?"

"तर तुझं घर दुसरं."

नातीला आता इतकंच सांगता येतं... कायद्यामुळे सरोजा आत येऊन बसली, ही लहान गोष्ट नाही. त्यापुढचं काम माझ्या हातांचं होतं, आणि पहिल्या खेपेला ते मला जमलं नाही. सरोजाने दुसरी खेप दिली, हे तिचे उपकार.

त्या शुक्रवारी बाहेर फुटपाथवर सरोजा उभी होती. मी गल्ल्याची किल्ली अण्णांपुढे ठेवली. आंघोळ केली नाही. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.