बारा मुली आणि दादांचा पलंग

गणितात मला कुणी खोटं पाडलेलं खपत नाही. हा माझा मूळचाच दुर्गुण, आणि शाळेत गणित शिकवायला लागल्यापासून तो जास्तच बळावला. ऐंशीच्या सुमारास नवऱ्याच्या सातपूरच्या कारखान्याला टाळं लागलं. माझी नोकरी तात्पुरती, पगार बेताचा. घरीच शिकवणी घ्यायची ठरली आणि बारा मुली कबूलही झाल्या. तेव्हा नवरा खोलीकडे बघत म्हणाला, "बारा इथे मावायच्या नाहीत. दादांचा पलंग आत न्यावा लागेल."

दादा म्हणजे माझे सासरे. मनमाडला रेल्वेत जन्म काढला, निवृत्त होऊन नाशिकरोडला आमच्याकडे आले आणि वर्षाच्या आत अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, पण शुद्ध लख्ख होती. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लागून त्यांचा पलंग होता. डोकं दक्षिणेला, लुळी बाजू भिंतीकडे, डावा हात खोलीकडे मोकळा. स्टुलावर पाण्याचा तांब्या, खाली लघवीचं भांडं, दोन्ही त्यांचे ते घेत. उघड्या दारातून जाणारा येणारा "काय दादा?" म्हणे आणि ते हात वर करत. दिवसभरात त्यांना एवढाच काय तो उद्योग होता.

आतली खोली म्हणजे धान्याच्या कोठ्यांची, बिनखिडकीची. सासूबाई चांदवडकडच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "त्यांना तिथं टाकलं का संपलंच समजा. अंधारात झुरून झुरून मरतील. पलंग आत जायचा नाय."

"मग शिकवणी नाही. खायचं काय आपण?" नवरा म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पलंगही बाहेर राहील आणि बारा मुलीही बसतील, करूनच दाखवते.

आलेखाचा कागद घेतला. दहा बाय बाराची खोली आखली, दारं-खिडकी दाखवली, पुठ्ठ्यातून पलंग कापला आणि मुलींचे बारा तुकडे. सतरंजीवर मांडी घालून वही उघडली की एक मुलगी किती जागा अडवते, हे मी शाळेत मोजूनच आले होते. दादा पलंगावरून माझा हा खेळ बघत असायचे. दोन संध्याकाळी काही जमेना. खोलीत फळ्याला जागा अशी एकच, पूर्वेची भिंत, आणि तिथे पलंग. समोरच्या, शेजाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत मधोमध, कमरेच्या वर कपाट होतं. मग सुचलं की पलंग सरळ उचलून त्या कपाटाखाली सारायचा. वर कपाट, खाली पलंग, नाहीतरी ती जागा वायाच जात होती. पुठ्ठ्याचा तुकडा तिकडे सरकवला आणि बाराच्या बारा मुली बसल्या, वर ये-जा करायला वाट उरली. आनंदाने मी एकटीच हसले.

पैसे नव्हतेच. वेताच्या दोन खुर्च्या विकल्या आणि आलं त्यात सगळं बसवायचं ठरवलं. विकतचा फळा परवडेना, म्हणून पूर्वेच्या भिंतीवरच काळा रंग फासायचा. भिंतीच्या क्षेत्रफळाचं सूत्र मुलं घोकून विसरून जातात, मी ते आमच्या भिंतीला लावलं. लांबी-उंची मोजून जेवढा निघाला तेवढाच रंग आणला. डबा खरवडून शेवटचा हात मारला आणि शेवटचा कोपरा झाकला गेला. नवऱ्याने डब्यात डोकावून पाहिलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

रविवारी सकाळी पलंग हलवला. "बरं आहे ना, दादा?" मी विचारलं. त्यांनी हात हलवला, तो भिंतीवर आपटला. नवी जागा आहे, होईल सवय, असं मी मनाशी म्हटलं. दुपारी सासूबाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि त्या बाजाराला गेल्या. नवरा कारखान्याच्या फाटकावर सभेला गेला.

पाचला मुली आल्या. नव्या सतरंज्या, ओला काळा वास, बारा वेण्या. मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहीत होते तेवढ्यात भिंतीवर ठकठक झाली. शेजारच्या गृहस्थांनी आधीच बजावलं होतं, गोंगाट चालणार नाही म्हणून. पहिल्याच दिवशी हे! माझं डोकं तापलं. मागे वळले तर मुली आणि त्यांच्यापलीकडे पांघरुणातले दादा. "हळू बोला गं," मी म्हटलं. मुली कुजबुजायला लागल्या. पुन्हा ठकठक, आता जोरात. मीही खडू फळ्यावर जोरात चालवायला लागले. काय वाजवायचं ते वाजवा म्हटलं, मी वर्ग सोडणार नाही.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, शेजारचे नाहीत. आजोबा वाजवतायत."

मी धावले, पण उशीर झाला होता. पलंगाखालून ओघळ नव्या सतरंजीपर्यंत आला होता. मुलींनी हळूच वह्या उचलून घेतल्या. कुणी हसलं नाही, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भांडं पलंगाखालीच होतं, पण त्यांच्या लुळ्या बाजूला. चांगला हात भिंतीच्या बाजूला, ती वाजवण्यापुरताच मोकळा. कागदावर पलंगाचा तुकडा इकडे ठेवला काय नि तिकडे ठेवला काय, सारखाच दिसत होता. माणूस तसा नसतो. मला तिथेच रडू फुटलं.

सासूबाई आल्या आणि एका नजरेत समजल्या. "हात भिंतीत गाडला तू त्यांचा," एवढंच म्हणाल्या. नवरा आला. पुसणं-धुणं झाल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "बस झालं. पलंग आत नेऊ."

"थांबा," मी म्हटलं. "नुसती उशी पायाकडे नेली तरी होईल. दादा उलटे झोपले की हात मोकळा होतो. दारही दिसेल."

"म्हंजे डोकं उत्तरेला?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "मढ्याला ठेवतात तसं? माझ्या जित्या नवऱ्याला?"

मी समजावू लागले तर त्यांनी हात जोडले. आत नको म्हणत होत्या, आता असंही नको. नवऱ्याने वाट पाहिली नाही. शेजाऱ्यांनाच हाक मारली. एकीकडून ते, एकीकडून हा, असा दोघांनी पलंगाला हात घातला.

तेवढ्यात दादांनी डोक्याखालची उशी ओढली आणि पायाकडे भिरकावली. ती जमिनीवर पडली. नवऱ्याने उचलून पुन्हा डोक्याखाली दिली. त्यांनी पुन्हा फेकली. घशातून काहीतरी आवाज काढला, शब्द नव्हताच, पण शेजारी पलंग सोडून मागे सरकले.

सासूबाईंनी उशी उचलली. पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "कळतंय का तुमाला, काय मागताय?" त्यांनी विचारलं. दादा त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हात वर केला. दारातून जाणाऱ्याला करत, तसाच.

सासूबाईंनी उशी उत्तरेला ठेवली. "पाय धर," मला म्हणाल्या. आम्ही त्यांना फिरवलं, स्टूल उशाशी ओढलं. त्यांनी डाव्या हाताने तांब्या उचलला, अर्धं पाणी गळ्यावर सांडत प्यायले आणि दाराकडे बघत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाराही मुली आल्या. त्याआधी, त्याच रात्री अंथरुणं घालायच्या वेळी, सासूबाईंनी आपली वळकटी पलंगाशेजारी उलगडली. उशी उत्तरेला ठेवली.

"आई, तू कशाला?" नवऱ्याने विचारलं.

त्या पांघरूण झटकत म्हणाल्या, "चुकून न्यायला आलाच कुणी, तर त्याला दोन दिसू दे."